पांघरूण

पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते : 'शौचाला शेवटचं कधी झालं?'

वर्ग मिश्र असतो. पुढच्या बाकांवर नर्सिंगच्या मुली आणि दोन-चार मुलगे, मागच्या बाकांवर मेडिकलची मंडळी. (असं बसायला कोणी सांगत नाही. दरवर्षी आपोआप तसंच होतं आणि दरवर्षी मला त्याचा तितकाच राग येतो.) पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारात माणसाचा त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेचा तास म्हणून सगळे चेहरे गंभीर करून आलेले असतात. मृत्यू, अश्रू, हात हातात घेणं असं काहीतरी ऐकायला मिळणार अशी अपेक्षा. एकदा एका मुलीनं तासाला बसताना आधीच रुमाल बाहेर काढून ठेवला होता. आणि समोर ही बाई फळ्यावर हे लिहितेय. मागून खुसखूस सुरू होते. मी ती थांबेपर्यंत थांबते.

मग विचारते, हे पेशंटला विचारणार कसं? पुस्तकातला 'मलोत्सर्ग' कोणाच्याच तोंडात बसत नाही. 'पोट साफ होतंय का?' असं बहुतेक जण सुचवतात. ते विचारून बघा, म्हणते. शंभरातले नव्वद जण 'हो' म्हणतील, कारण हा प्रश्न 'काय, कसं काय?' यासारखा आहे, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. 'शेवटचं कधी झालं? आज? काल? खडा होतोय का? जोर करावा लागतो का?' असं विचारलं की माणूस आधी जरा संकोचतो, मग खरं सांगतो. कॅन्सरच्या गाठीबद्दल तासभर न बोललेला माणूस याबद्दल दहा मिनिटं बोलतो.

मी इथून सुरुवात का करते, ते मुलांना पहिल्या दिवशी सांगत नाही. इथं सांगते.

मी स्टाफ नर्स होऊन दोन वर्षं झाली होती. वॉर्डमध्ये पन्नाशीचे एक गृहस्थ होते, आजार हाडांपर्यंत पोचलेला. कूस बदलायची म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. मॉर्फीन सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी ते चक्क झोपले. मला इतका आनंद झाला की माझी ड्यूटी नसतानाही मी त्यांच्याकडे चक्कर मारायची. त्यांच्या कामाविषयी विचारायची, मुलीविषयी विचारायची. 'या सिस्टर फार प्रेमानं बोलतात' असं त्यांच्या बायकोनं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ते माझ्या कानावर आल्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी गोळीला नाही म्हटलं. 'नको सिस्टर ती. दुखणं परवडलं.' पोटाला हात लावला तर फळीसारखं घट्ट. मॉर्फीनबरोबर रेचक कोणी लिहिलंच नव्हतं. लिहिलं नाही ही डॉक्टरांची चूक. पण रोज आठ तास त्यांच्या जवळ असून आठ दिवस मी विचारलं नाही, ही माझी. पुढे जे करावं लागलं ते हातमोजे घालून मीच केलं. ते सगळा वेळ माझी माफी मागत होते. 'तुम्हाला हे करावं लागतंय…' म्हणत होते.

त्यांच्या मुलीची सगळी माहिती मला होती. त्यांचं पोट आठ दिवस तुंबलंय, हे मात्र माहीत नव्हतं.

औषधशास्त्राच्या दृष्टीनं यात गूढ काही नाही. मॉर्फीन मेंदूत ज्या ग्राहींना (रिसेप्टर्सना) जाऊन चिकटतं, तसलेच ग्राही आतड्यातही असतात, आणि तिथं चिकटलं की आतडं आळसावतं. सुरुवातीला मळमळ होते, गुंगी येते. ती काही दिवसांत सरते, शरीराला सवय होते. बद्धकोष्ठाची सवय मात्र होत नाही. मॉर्फीन चालू आहे तोवर ते राहतं. म्हणून पहिल्या मॉर्फीनच्या खाली, त्याच कागदावर, सोनामुखी किंवा तत्सम रेचक लिहायचं, तक्रार येण्याची वाट न बघता. हे शिकवायला चार मिनिटं लागतात. ते हातात उतरायला किती लागतात, ते मी सांगू शकत नाही.

मॉर्फीनचं नाव काढलं की वर्गाचा रंग पालटतो. व्यसन लागेल, श्वास थांबेल, माणूस लवकर जाईल. या तीन भीती मुलं घरून घेऊन येतात आणि काही मोठे डॉक्टरही निवृत्त होईपर्यंत सांभाळून ठेवतात. मी फळ्यावर क्रम लिहिते : डोस जास्त झाला तर आधी गुंगी वाढते, माणूस हाकेला ओ देईनासा होतो, मग श्वास मंदावतो. म्हणजे जागं राहून बघणारं कोणी असेल तर वेळ मिळतो, आणि बघणारं कोण असतं? पुढचे बाक जरा ताठ बसतात. वेदनेसाठी, बेतानं वाढवत नेलेलं मॉर्फीन माणसाला मारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते घड्याळ. साधं मॉर्फीन चार तास पुरतं, तर ते दर चार तासांनी द्यायचं. 'दुखलं की मागा' म्हणायचं नाही. मागणं म्हणजे दुखणं परत येण्याची वाट पाहणं, आणि भिडस्त माणसं मागतच नाहीत.

हे घड्याळ कुठून आलं, ती गोष्ट मी मिश्र वर्गात मुद्दाम सांगते. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यानं ते काम सुटलं, म्हणून त्या रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या. मरणपंथाला लागलेल्या लोकांसाठी काही करायचं मनात होतं, तेव्हा एका सर्जननं त्यांना सांगितलं, की मरणाऱ्याला टाकून जातात ते डॉक्टर, म्हणून तू डॉक्टर हो. १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनमध्ये त्यांनी अशा लोकांच्या शुश्रूषेसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. इथवर आलं की मागचे बाक त्यांना आपल्यात ओढतात. मग मी पुढचं सांगते : त्याच्या कितीतरी आधी, लंडनमधल्याच सेंट ल्यूक्स नावाच्या जागी त्या नर्स म्हणून मोकळ्या वेळेत मदतीला जायच्या. तिथं दुखणं परतायच्या आत पोटातून मॉर्फीन देण्याची रीत आधीच रुळलेली होती, आणि ती राबवत होत्या तिथल्या नर्स. पुढे सॉन्डर्स यांनी त्याचा अभ्यास केला, ते लिहिलं, जगाला पटवलं. पुढच्या बाकांवर हसू, मागच्या बाकांवर थोडी शांतता. मला दोन्ही आवडतं.

'संपूर्ण वेदना' ही कल्पनाही त्यांचीच. शरीराची, मनाची, नात्यांची, श्रद्धेची वेदना एकात एक गुंतलेली असते. त्यांच्या एका पेशंट बाईनं सांगितलं होतं, की दुखणं पाठीत सुरू झालं, पण आता मीच सगळी बिघडल्यासारखी वाटतेय. परीक्षेत हा प्रश्न आला की मुलं चार चौकोन काढतात आणि पैकीच्या पैकी मार्क घेतात. चौकोनांचं मला वावडं नाही. पण त्यातल्या मनाच्या चौकोनात शिरण्याची सगळ्यांना घाई झालेली असते, आणि शरीराचा चौकोन मात्र दुसऱ्या कोणीतरी बघावा असं वाटतं.

शरीराच्या चौकोनात मराठी फार उपयोगी पडते. दहापैकी किती दुखतंय, हा प्रश्न विचारायलाच हवा, पण त्यापाशी थांबलं तर हाती आकडा येतो, दुखणं येत नाही. कसं दुखतंय, हे विचारा. ठणकतं, सलतं, कळ येते, चमक मारते, आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं. आग, चमक, मुंग्या, करंट आलं की कान टवकारायचे : नस दुखावलेली असण्याची शक्यता आहे, आणि तिथं नुसतं मॉर्फीन वाढवून भागणार नाही, जोडीला अॅमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारखं वेगळं औषध लागेल. कळ येते आणि जाते, असं कोणी पोटावर हात ठेवून म्हणालं तर आतडं आठवा. हे शब्द मुलांना घरात ऐकून माहीत असतात. कॉलेजात आल्यावर ती ते विसरतात आणि केस पेपरवर 'वेदना : आहे' एवढंच लिहितात.

आता त्या शब्दाविषयी. 'पॅलिएटिव्ह' लॅटिन 'पॅलियम'वरून, म्हणजे झगा, अंगावर घेण्याचं वस्त्र, हे प्रत्येक व्याख्यानात पहिल्या पाच मिनिटांत येतं. शब्द वापरात आणला मॉन्ट्रियलच्या बॅल्फर माउंट या सर्जननं, १९७० च्या दशकात, कारण तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांना 'हॉस्पिस' म्हटलं की अनाथ-दरिद्री लोकांची शेवटची जागा आठवायची. झगा म्हणजे ऊब, माया, असं सांगून वक्ते पुढे जातात. मी जात नाही. कारण त्याच शब्दाचा एक जुना अर्थ लपवणं, झाकणं असाही आहे. आणि हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. थंडीत कुडकुडणाऱ्याच्या अंगावर आपण पांघरूण घालतो, आणि केलेल्या चुकीवरही पांघरूणच घालतो.

माझं त्या आठ दिवसांतलं प्रेमळ बोलणं दुसऱ्या प्रकारचं पांघरूण होतं. न केलेल्या कामावरचं. हे मला कळायला बरीच वर्षं गेली, आणि या विषयात शिकवण्यासारखं माझ्यापाशी जे काही आहे ते त्यातूनच आलंय. करुणा शिकवता येते का, यावर परिषदांमध्ये पुष्कळ बोललं जातं. मला ती शिकवता येत नाही. तोंड कसं पुसायचं ते शिकवता येतं.

ते मी शब्दशः शिकवते. मुलांच्या जोड्या लावते, एक नर्सिंगचा, एक मेडिकलचा. एकानं आडवं व्हायचं, दुसऱ्यानं ओल्या कापसानं आणि मऊ ब्रशनं त्याचं तोंड आतून स्वच्छ करायचं, ओठांना मलम लावायचं. भावी डॉक्टर हातमोजे घालून थेट घुसतात. 'आ करा' म्हणायचंही राहतं. खाली आडवी झालेली मुलगी उठून सांगते, की ब्रश कुठून येतोय ते दिसत नव्हतं, त्याची भीती वाटली. बस्स, एवढंच. यावर मी भाष्य करत नाही. मग जागा बदलतात. पुढे वॉर्डात, शेवटच्या दिवसांत पाणी पिता न येणाऱ्या माणसाला तहानेपेक्षा कोरड्या तोंडाचा त्रास जास्त होतो, हे सांगितलं की माना डोलतात, आणि त्या डोलण्यात काहीतरी वजन असतं. धाप लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर छोटा पंखा धरला तर बरं वाटतं, हेही असंच. अंगातला ऑक्सिजन पुरेसा असेल तर नळकांड्यातल्या ऑक्सिजनपेक्षा चेहऱ्यावरची वाऱ्याची झुळूक कामी येते. मुलांना पंख्याचं हसू येतं. यंत्र लहान आहे ना.

संवादाचा तास मात्र मला अजून जमलेला नाही, हे कबूल करते. वाईट बातमी सांगण्यासाठी २००० मध्ये प्रसिद्ध झालेली सहा पायऱ्यांची 'स्पाइक्स' पद्धत आहे. चांगली आहे. नवख्याला धरायला कठडा हवाच. घोळ होतो तो आपल्या परीक्षेत. पायरीला मार्क असतात, त्यामुळे मुलं पायऱ्या पाठ करून येतात. एका परीक्षेत मी पेशंटच्या बायकोचं काम करत होते. समोरच्या मुलानं बातमी सांगितली, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, 'तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकतो.' मला अजून काही वाटलंच नव्हतं! सहानुभूतीचे दोन मार्क त्याला द्यावे लागले, यादीत तसंच होतं. दुसरी एक मुलगी बातमी सांगून गप्प बसली. हात मांडीवर, नजर माझ्यावर. मी मनात आकडे मोजत होते, अकरापर्यंत गेले. तिला त्या अकरा सेकंदांचे मार्क देण्यासाठी कागदावर रकानाच नव्हता. १९८४ मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात असं दिसलं होतं, की पेशंट आपली तक्रार सांगू लागला की सरासरी अठरा सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात. मी आता वर्गात सरळ घड्याळ लावते. दोन मिनिटं फक्त ऐकायचं, पेन खाली. मेडिकलच्या मुलांना पहिल्या मिनिटात घाम फुटतो.

'किती दिवस?' या प्रश्नाला काय म्हणायचं, हे मुलांना सगळ्यात आधी हवं असतं. मी त्यांना २००० मध्येच प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास सांगते. हॉस्पिसमध्ये दाखल झालेल्या ४६८ पेशंटबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारलं होतं, हे किती जगतील. अंदाज बरोबर निघाला तो दर पाचांत एकाच्या बाबतीत. चुकले ते बहुतेक आशेच्या बाजूनं. सरासरीनं डॉक्टरांनी खऱ्यापेक्षा पाचपट आयुष्य सांगितलं. आणि पेशंटशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकीचा. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचते. लोभ जडला की डोळ्यांवरही पांघरूण येतं. तेव्हा आकडा सांगू नका, काळाची जात सांगा : वर्षं, महिने, आठवडे की दिवस. आणि त्याआधी विचारा, की तुम्ही हे का विचारताय? कोणाला मुलाच्या परीक्षेपर्यंतचं बघायचं असतं, कोणाला एक भांडण मिटवायचं असतं.

नातेवाईक बाहेर गाठून 'त्यांना सांगू नका' म्हणतात, त्याचं काय? इथं मुलं एकदम न्यायाधीश होतात. पेशंटचा हक्क वगैरे. हक्क आहेच. पण दारात उभ्या असलेल्या मुलाशी हक्कावरून भांडून आत शिरलात तर आतला माणूस एकटा पडतो. 'सांगितलं तर काय होईल असं वाटतंय तुम्हाला?' हे विचारा, आणि आतल्याला विचारा, 'तुम्हाला स्वतःच्या आजाराविषयी किती जाणून घ्यायचंय?' बहुतेकदा आतल्याला सगळं ठाऊक असतं, आणि तोही बाहेरच्यांपासून लपवत असतो. दोन्ही बाजूंनी एकाच पांघरुणाची टोकं ओढून धरलेली.

हा विषय मोजक्या तज्ज्ञांचा नाही, सगळ्यांनाच शिकवायला हवा, हे आता कागदोपत्री मान्य आहे. २०१४ च्या जागतिक आरोग्य सभेच्या ठरावानं डॉक्टर आणि नर्स दोघांच्या मूळ अभ्यासक्रमात तो घालायला सांगितलं. दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या शुश्रूषेची गरज असते आणि त्यातल्या १४ टक्क्यांच्या आसपास लोकांनाच ती मिळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण वेळापत्रकात तो शुक्रवारी दुपारी शेवटच्या तासाला येतो. आणि खरा अभ्यासक्रम तर वॉर्डच्या बोळात चालतो. राउंडला मोठे डॉक्टर एका खाटेपाशी रेंगाळतात आणि पुढच्या खाटेपाशी 'इथं आता काही करण्यासारखं नाही' म्हणून चालायला लागतात. माझ्या दहा तासांची धूळधाण करायला तेवढी दोन पावलं पुरतात. हे 'शेवटी करायचं' प्रकरण आहे, या समजुतीला उत्तर म्हणून २०१० मधला फुप्फुसाच्या कॅन्सरचा अभ्यास मी सांगते. आजार पसरलेल्यांना निदानाबरोबरच ही शुश्रूषा सुरू केली, तर ते नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांपेक्षा बरे राहिले, आणि सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. मुलांना महिन्यांचा आकडा लक्षात राहतो. मला वाटतं, त्यांनी 'बरे राहिले' लक्षात ठेवावं.

पहिला मृत्यू पाहून आलेल्या मुलांना मी त्या दिवशी काही शिकवत नाही. नंतर कधीतरी आम्ही त्या घरघरीविषयी बोलतो. शेवटच्या तासांत घशात साठलेला स्राव श्वासाबरोबर वाजतो. आधी कुशीवर वळवायचं. ग्लायकोपायरोलेटसारखं औषध नवा स्राव कमी करतं, साठलेला काढत नाही. तो आवाज जाणाऱ्याला बहुधा जाणवत नाही, जवळ बसलेल्यांना मात्र जन्मभर आठवतो. म्हणून तो काय आहे, हे त्यांना आधी सांगायचं, झाल्यावर नाही.

गेल्या वर्षीची एक गोष्ट. मार्गो मॅककॅफरी या नर्सनं १९६८ मध्ये केलेली वेदनेची व्याख्या मी मेडिकलच्या मुलांकडून लिहून घेते : पेशंट म्हणतो ती वेदना, तो म्हणतो तेव्हा ती असते. आणि मग त्यांना आठवडाभर फक्त रात्रपाळीच्या सिस्टरांच्या नोंदी वाचायला लावते, ज्या सकाळच्या राउंडला सहसा कोणी उघडत नाही. खुसखूस करणाऱ्यांत सगळ्यात पुढे असलेला एक मुलगा त्या आठवड्यात एका आजींपाशी लागला. फार बोलका नव्हता. त्या नोंदी वाचून, आजींपाशी बसून त्यानं लिहिलेला कागद माझ्याकडे तपासायला आला. 'संपूर्ण वेदना' वगैरे कुठं नव्हतं. मोठ्या, ओबडधोबड अक्षरात होतं :

'शौच : चार दिवस नाही. तोंड कोरडं, जिभेवर पांढरा थर. डाव्या कुशीला आग होते, त्या बाजूला निजवू नये. रात्री दोन ते चार दुखतं, पण मुलगा दिवसभर काम करून खाली झोपलेला असतो, त्याची झोप मोडेल म्हणून आजी हाक मारत नाहीत. दोन वाजताचा डोस न मागता द्यावा. रेचक आजच सुरू. मॉर्फीन दर चार तासांनी १० मिलिग्रॅम, मध्येच दुखलं तर ५.'

मध्येच दुखलं तर द्यायचा तो दिवसाच्या डोसाचा सहावा भाग. दिवसाचा डोस साठ झाला, त्याचा सहावा भाग दहा. पाचावर काट मारून मी दहा केलं आणि कागद परत दिला.